उजवा पंख

प्रिय आत्या,

आधी अक्षराबद्दल. मी मुद्दाम जाड मार्करने लिहिलंय, एका पानावर दहा-बाराच ओळी, म्हणून पाकीट एवढं फुगलंय. काकांना वाटेल कोर्टाची नोटीस आली. त्यांना वाचायला देऊ नकोस. तुझं तूच वाच, दिवसाउजेडी, खिडकीजवळ बसून, लागेल तेवढा वेळ घेऊन. ऱ्हस्व-दीर्घाचं विचारू नकोस. आयुष्यभर इंग्रजी शाळेत गेले, मराठी मी फक्त बोलते, आणि किती बोलते ते तुला माहितीये. मैदानावर मला भोंगा म्हणतात ते काही उगाच नाही. तरी लिहितेय, कारण फोनवर चार वेळा सांगायला गेले आणि मैदानाचं नाव काढल्याबरोबर चारही वेळा तुझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं. त्यातला एक रविवार होता, आत्या. रविवारी दुकान बंद असतं.

बातमी पहिली सांगते, ती पोटात ठेवून मला बाकीचं लिहिता यायचं नाही. गेल्या शनिवारी मी जिंकले. अख्खी स्पर्धा नाही, आपल्या क्लबच्या छोट्या स्पर्धेचा एक दिवस, पण अकरा जणांत पहिली आले, आणि तुझ्या ग्लायडरवर. दोनशे बारा किलोमीटरचा त्रिकोण. दुसऱ्या वळणानंतर माझी पार वाट लागली होती. उंची संपत आलेली, उतरायला खाली एक शेत निवडून ठेवलेलं, आणि तेवढ्यात पुढे दोन घारी गोल गोल चढताना दिसल्या. तू म्हणतेस ना, घारीला विचार, तिला कोणी पदक देत नाही, ती कशाला खोटं बोलेल. शिरले त्यांच्या खाली, आणि गरम हवेने असं उचललं की पोट खालीच राहिलं. दीड हजार मीटर चढले आणि तिथून सरळ परत मैदानावर. उतरले तेव्हा काका गाडीच्या बॉनेटवर बसून डबा खात होते. माझ्याकडे बघितलं, घास गिळला आणि म्हणाले, एवढ्यात आलीस पण, मी अजून अर्धाच जेवलोय. त्यांच्या भाषेत हे म्हणजे हारतुरे. घरी येऊन त्यांनी तुला सांगितलं असेलच, आणि तू 'बरं' म्हणून भांडी आवरायला गेली असशील.

तीन आठवड्यांनी मोठी स्पर्धा आहे. तीच, जिच्यात तू सतरा वर्षं उडालीस. मी नाव दिलंय. तुझं ग्लायडर, शेपटीवर तुझाच नंबर, आणि तू तिथे नसणार. डोळ्यांमुळे लायसन्स गेल्यापासून तू मैदानावर पाय ठेवला नाहीस. ग्लायडरमधला तुझा वाटा माझ्या नावावर केलास तेव्हा एकच अट घातलीस, मला तिकडे बोलवायचं नाही. मी हो म्हटलं होतं. आज ती अट मोडणार आहे. पण त्याआधी तुला एक गोष्ट सांगायचीय, चार वर्षं राहिलेली. ती वाचून तू ट्रेलरची किल्ली परत मागितलीस तर मी मुकाट्याने आणून देईन.

किल्लीवरून आठवलं. माझं कॉलेजचं पहिलं वर्ष, तुझ्या टीममधला माझा पहिला महिना. तेव्हा मला एवढंच कळायचं की ग्लायडरला इंजिन नसतं, हवा संपली की पायलट जिथे असेल तिथे शेतात उतरतो, आणि मग खालच्या लोकांनी गाडीला तो लांबलचक ट्रेलर जोडून जायचं, पंख काढायचे, सगळं आत घालून परत आणायचं. त्या दिवशी तू एकशे चाळीस किलोमीटरवर गाजराच्या शेतात उतरलीस आणि फोनवर एकच शब्द बोललीस, 'या.' काकांनी एक खिसा चाचपला, मग दुसरा, मग माझ्याकडे पाहिलं. गाडीची किल्ली तुझ्या पँटच्या खिशात होती. सकाळी तू गाडी सावलीत लावलीस आणि तशीच उडालीस. काका ट्रेलरच्या दांडीवर बसले. मग म्हणाले, तुझ्या आत्याने आज विक्रम केला, गाडीची किल्ली विनाइंजिन एकशे चाळीस किलोमीटर नेली. आणि मग प्राध्यापक आले. तुझे सगळ्यात कट्टर प्रतिस्पर्धी, दर वर्षी तुझ्या पुढे नाहीतर पाठीवर. नुकतेच उतरले होते, तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. आपला ट्रेलर स्वतःच्या गाडीला जोडला आणि आम्हाला घेऊन निघाले. परत येताना तुम्ही दोघं पुढच्या सीटवर बसून एकमेकांना सगळं सांगत होतात, कुठे चढलो, कुठे चुकलो, उद्या कुठला डोंगर चांगला चालेल. उद्या एकमेकांना हरवायचंय आणि आज एकमेकांना वाट सांगतायत. मागे काकांच्या खांद्यावर डोकं ठेवून मी ऐकत होते आणि वाटत होतं, ही माणसं येडी आहेत, आणि मला यांच्यातलंच व्हायचंय. काका तेव्हापासून किल्ली बुटाच्या लेसमध्ये ओवून गळ्यात घालतात. अजूनही. आंघोळीलासुद्धा काढत नाहीत असा मला संशय आहे.

आता पट्टी. तुला सांगायची गरज नाही, पण मला सांगायची आहे. सकाळी पंख जोडले की पंख आणि धड जिथे मिळतात तिथे नखभर फट राहते. तिच्यातून हवा शिरली की ग्लायडर लवकर खाली येतं. म्हणून तिथे पांढरी चिकटपट्टी लावायची, वरून आणि खालून, एकही सुरकुती न पाडता. काम बारकं, पण दिवसभराच्या उडण्यात त्याने किलोमीटर जातात. डावा पंख तू करायचीस, उजवा मी. दुकानात तू गोळ्यांचं पाकीट दोनदा वाचायचीस आणि वर गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचायला लावायचीस, तशीच इथेही. दोन वर्षं मी उजवी पट्टी लावली की तू मागून येऊन तिच्यावरून अंगठा फिरवायचीस, डोळे मिटून. एक बुडबुडा सापडला की सगळी ओढून काढायचीस आणि रोल माझ्या हातात द्यायचीस. मी म्हणायचे, अगं दिसत पण नाहीये. तू म्हणायचीस, पट्टी डोळ्यांनी नाही, अंगठ्याने लावतात.

आणि मग त्या मोठ्या स्पर्धेचा शेवटून दुसरा दिवस. सतरा वर्षांत पहिल्यांदा तू पहिली होतीस, प्राध्यापकांच्या एकतीस गुण पुढे. संध्याकाळी ग्लायडर पुसून झालं, तू फडकं पिळलंस आणि हवेबद्दल बोलावं तशी सहज म्हणालीस, उद्यापासून उजवा पंख तुझा, मी बघणार नाही. आत्या, मला अजून कुठलंही पदक मिळालं तरी छाती तेवढी फुगणार नाही. दोनदा वाचल्याशिवाय खोकल्याचं औषधही न देणारी बाई मला म्हणाली, मी बघणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डावी बाजू तू केलीस. मी उजवीकडची फट कापडाने पुसून घेतली, पिशवीतून नवा रोल काढला, आणि तेवढ्यात हाळी आली, ग्लायडर रांगेत पुढे घ्या. रोल बांगडीसारखा मनगटात अडकवला आणि आपण ढकलायला लागलो. रांगेत पोचल्यावर शेजारच्यांनी विचारलं, काय, आज तुझी आत्या का. झालं, भोंगा सुरू झाला. एकतीस गुण, सतरा वर्षं, काल तिने तो उतार कसा धरला, सगळं हातवारे करून सांगितलं मी. तुझीच बढाई मारत होते. मग तू कॉकपिटमध्ये बसता बसता विचारलंस, उजवा? मी म्हटलं, झालं. खोटं नाही बोलले, शपथ, मला खरंच वाटलं झालं. तू मान हलवलीस आणि काच बंद केलीस. बघितलं नाहीस. कबूल केल्याप्रमाणे.

टोचं विमान दोरीने तुला ओढायला लागलं, मी पंखाचं टोक धरून धावले, सोडलं, तू उचलली गेलीस. आणि मी टाळ्या वाजवायला हात वर केले तेव्हा रोल मनगटावरून कोपरापर्यंत घसरला. कोरा रोल. त्याचं टोक अजून चिकटलेलंच होतं.

गाडीपर्यंत पळत गेले. काका पाणी आणायला गेले होते. रेडिओ हातात घेतला. स्पर्धेची वेळ सुरू व्हायला अजून पस्तीस मिनिटं होती, म्हणजे मी सांगितलं असतं तर तुला निदान ठरवता आलं असतं, उतरायचं की पुढे जायचं. मी बटण दाबलं. खरखर ऐकू आली. आणि मला आठवलं की हा आवाज अख्ख्या मैदानाला ऐकू जातो, चाळीस पायलट, त्यांच्या सगळ्या टीम, आत्ताच ज्यांनी माझ्या तोंडून एकतीस गुणांची कथा ऐकली ते शेजारी. मी बटण सोडलं. स्वतःला म्हटलं, नखभर फट, तिने काय होतंय.

विसरणं माणसाकडून होतं. तूच म्हणतेस. पण मी विसरले होते फक्त दहा मिनिटं. त्यानंतरची पस्तीस मिनिटं मला सगळं आठवत होतं आणि मी गप्प बसले. आयुष्यात तेवढी एकदाच.

तू दोन किलोमीटर कमी पडलीस. तीनशे किलोमीटर उडून, धावपट्टी समोर दिसत असताना, बटाट्याच्या शेतात. फोनवर 'या' म्हणालीस. आम्ही पोचलो तेव्हा तू ग्लायडरला टेकून उभी होतीस आणि दोन्ही बाजूंना पट्टी नव्हती. पट्टी काढायचं काम नेहमी माझं, तू त्याला कधी हात लावला नव्हतास. तू काढलेल्या पट्टीचा गोळा माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, फेकून दे. एरवी तो संत्र्याएवढा होतो. त्या दिवशी लिंबाएवढा होता. काकांना तू सांगितलंस, शेवटी हवा बसली. मी तो गोळा मुठीत धरून माझी समजूत घालत राहिले, की तुझ्या लक्षात नसेल आलं, घाईघाईत काढली असशील, वाऱ्याने अर्धी उडाली असेल.

प्राध्यापक तिथेही आले. तासाभरापूर्वी ते जिंकले होते, पायात चांगले बूट होते, ते चिखलात घालून त्यांनी डावा पंख खांद्यावर घेतला. दुसऱ्या दिवशी कप घेताना म्हणाले, हा कप दोन किलोमीटर पलीकडे बटाट्यांत पडला होता, मी नुसता उचलून आणलाय. सगळ्यात जोरात टाळ्या तू वाजवल्यास. मी नाही वाजवल्या. तू पहिल्यावरून सहावी झाली होतीस. आणि चार महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं की तुझ्या नजरेचा मधला भाग धूसर होत जाणार. म्हणजे ती तुझी शेवटची स्पर्धा होती. तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. नंतर मला दर रात्री माहीत होतं.

आता गेल्या रविवारचं. आपल्याकडची रीत तुला माहितीये, काल जिंकलेल्याने सकाळी फळ्यासमोर उभं राहून सगळं सांगायचं, काहीही लपवायचं नाही. तू उभी राहायचीस तेव्हा माणसं वह्या काढायची. मी उभी राहिले. घारी सांगितल्या, शेत सांगितलं, माझी कुठे फजिती झाली तेही सांगितलं, लोक हसले. मग मागून कोणीतरी विचारलं, उडण्याआधी उजव्या पंखाभोवती चार चार फेऱ्या कशाला मारतेस, त्याची दृष्ट काढतेस का. पुन्हा सगळे हसले. आणि माझं तोंडच उघडेना. काहीही लपवायचं नाही त्या जागी उभी राहून मी गप्प.

खाली बसले तर दोरीवाले शेजारी येऊन बसले. टोचं विमान चालवणारे आपले म्हातारे दोरीवाले, वीस वर्षं सगळ्यांना वर ओढून नेतायत. चष्मा पुसत म्हणाले, तुझ्या आत्याच्या शेवटच्या स्पर्धेत तिला मीच वर नेलं होतं, एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात बसलीये. चारशे मीटरवर असताना तिने रेडिओवर विचारलं, खाली रांगेत किती उरलेत. मी म्हटलं, चौदा. मग म्हणाली, राहू दे, शीळ वाजतेय, पण सूर बरा आहे. दोरीवाल्यांना वाटलं, गंमत करतेय.

आत्या, मी तेव्हा गाडीकडे पळत होते. मी रेडिओ हातात घेईपर्यंत तुझं बोलून झालं होतं.

उघड्या फटीतून हवा शिरली की शीळ वाजते, हे मला आता माहितीये, कारण आता मीही उडते. तुला पहिल्या दोन मिनिटांत कळलं होतं. खाली उतरलं तर चौदा जणांच्या मागे, आणि चारला गरम हवा संपून आकाश मिटणार होतं. तू हिशोब केलास आणि गेलीस. साडेतीन तास, तीनशे किलोमीटर, कानापाशी माझी चूक शिट्टी वाजवतेय आणि तू गोल गोल चढतेयस. आणि तशीही तू फक्त दोन किलोमीटर कमी पडलीस. मी हे कोणाला सांगितलं तर पहिल्यांदा मला फटके पडतील आणि नंतर सगळे उभे राहून तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील. जिंकलेल्यांच्या याद्या ऑफिसच्या भिंतीवर लावल्यात, तुझं नाव त्यात नाही. मला त्या भिंतीचं काही वाटत नाही. मला माहितीये त्या दिवशी सगळ्यात चांगलं कोण उडालं.

शेतात आमची गाडी यायच्या आत तू डावी पट्टी काढून टाकलीस, म्हणजे एकच बाजू उघडी राहिलेली कोणाला दिसू नये. काकांनासुद्धा नाही. हे सगळं मला रविवारी त्या बाकावर कळलं आणि मी दोरीवाल्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडले की त्यांना वाटलं मला काही चावलं. पण त्याहून मोठी गोष्ट मला रात्री सुचली, आणि ती सुचल्यावर मी उठून बसले. त्या स्पर्धेनंतर डोळ्यांचं कळेपर्यंत चार महिने आपण उडत होतो. सोळा-सतरा रविवार. दर वेळी तू बसता बसता विचारायचीस, उजवा? मी म्हणायचे, झालं. आणि तू काच बंद करायचीस. सगळं माहीत असून तू एकदाही मागे येऊन अंगठा फिरवला नाहीस. मी चार वर्षं समजत होते की तुला कळलं नाही म्हणून तू माझ्यावर विश्वास ठेवलास.

तर आता हे पत्र कशासाठी ते. माफी मागतेच आहे, ती तू तुझ्या सवडीने दे, नाहीतर देऊ नकोस. फळ्यासमोरही मी एकदा हे सांगणार आहे, सगळ्यांसमोर, पण तुला आधी कळायला हवं होतं. मला हवंय ते वेगळंच. स्पर्धेच्या फॉर्मवर टीमची नावं लिहायची असतात. गाडी, काका. त्याच्या खालची ओळ मी रिकामी सोडलीये, शुक्रवारपर्यंत भरून द्यायची आहे. तुला आता समोरचा चेहरा नीट दिसत नाही, फळ्यावरचं हवामान वाचता येत नाही, तिथे तू नुसती खुर्चीवर बसून राहशील आणि लोक हळू आवाजात बोलतील, या भीतीने तू येत नाहीस. काकांनी सांगितलं, त्यांना ओरडू नकोस. पण आत्या, बसायला तुला बोलावतंय कोण. तिथे काम आहे. डावी बाजू मी करेन. सकाळी नऊला काका गाडी घेऊन दारात येतील, किल्ली त्यांच्या गळ्यात असेल. नवा रोल मी आणून ठेवलाय. पट्टी डोळ्यांनी लावत नाहीत. मी कॉकपिटमध्ये बसताना एकदाच विचारेन, उजवा? तू म्हण, झालं. मी बघणार नाही.

तुझीच,
भोंगा